घरांची भूकंपहानी आणि विमा : अंदाज कसा बांधला जातो?

ठाणे-भिवंडी मार्गावरील राहनाळ हे एकेकाळी भातशेतीचे गाव. गेल्या काही दशकांत भिवंडीच्या यंत्रमाग उद्योगाचा आणि त्यानंतर गोदामांच्या व्यवसायाचा या परिसरात झपाट्याने विस्तार झाला आणि गावाची ठेवण पालटली. आज अशा गावाच्या एकाच शिवारात जुनी कौलारू घरे, सिमेंटच्या पत्र्यांच्या चाळी, विटांची पक्की घरे आणि चार-पाच मजल्यांच्या सिमेंट काँक्रीटच्या इमारती शेजारी शेजारी उभ्या असतात. जमिनीला एक हादरा बसला तर या घरांपैकी कोणत्या घराचे किती नुकसान होईल आणि तो खर्च कोणाच्या पदरी पडेल, हा प्रश्न वरवर विमा कंपन्यांच्या कामाचा वाटतो. वस्तुतः तो ग्रामपंचायतीच्याही कामाचा आहे. भूकंप केव्हा होईल हे आजच्या शास्त्राला सांगता येत नाही. परंतु तो झाल्यास हानी किती होईल याचा अंदाज मात्र पद्धतशीर रीतीने बांधता येतो. त्या पद्धतीचे स्वरूप येथे पाहावयाचे आहे.

महत्ता एक, तीव्रता अनेक

भूकंपाची बातमी येते ती एका आकड्याने. रिश्टर मापनाचा तो आकडा म्हणजे भूकंपाची महत्ता होय. भूगर्भात किती ऊर्जा मोकळी झाली याचे ते माप असते आणि एका भूकंपाला ते एकच असते. घराचे नुकसान मात्र या आकड्यावरून ठरत नाही. घराच्या पायाशी जमीन किती जोराने हलली, म्हणजे त्या ठिकाणची तीव्रता किती होती, यावर ते अवलंबून असते. एकाच भूकंपाची तीव्रता केंद्राजवळ अधिक, तर दूरवर कमी असते. दिव्याच्या प्रकाशाचे उदाहरण येथे लागू पडते. दिवा एकच असला तरी जवळच्या पानावर तो जितका पडतो तितका दूरच्या भिंतीवर पडत नाही.

तीव्रता मोजण्यासाठी भारतात बारा पायऱ्यांचे एम.एस.के. परिमाण वापरण्यात आले आहे. भारतीय मानक १८९३ च्या २००२ आणि २०१६ सालच्या आवृत्त्यांमध्ये ठाणे जिल्ह्याचा हा भाग भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात दाखविण्यात आला आहे. या क्षेत्राची सांगड सर्वसाधारणपणे सातव्या पायरीच्या तीव्रतेशी घातली जाते.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात झालेल्या भूकंपाने दगडी घरांची मोठी पडझड झाली. त्याचे हादरे मुंबईपर्यंत जाणवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. त्याची महत्ता सुमारे ६.२ होती. लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत सात हजारांहून अधिक माणसे दगावली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. याच्या चारच वर्षे आधी, १९८९ मध्ये, कॅलिफोर्नियात ६.९ महत्तेचा, म्हणजे पुष्कळच मोठा भूकंप झाला होता. त्यात ६३ माणसे मृत्युमुखी पडली. हा फरक प्रामुख्याने घरांचा होता. किल्लारी परिसरातील घरांच्या भिंती जाड, परंतु चिखलात रचलेल्या दगडांच्या होत्या. आतील आणि बाहेरील थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड त्यांत क्वचितच होते. वर धाब्याचा, कित्येक टन मातीचा भार होता. भिंत फुगली, थर सुटले आणि छत खाली आले. भूकंपाच्या त्यावेळच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता, हेही विसरता येणार नाही.

ठाणे जिल्ह्यालाही असे अनुभव आहेत. शहापूर तालुक्यात भातसा जलाशयाच्या परिसरात १९८३ साली धक्क्यांची मालिका सुरू झाली. तिच्यातील १५ सप्टेंबर १९८३ चा धक्का ४.९ महत्तेचा होता. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्याच्या डहाणू आणि तलासरी भागाने धक्क्यांची दीर्घ मालिका अनुभवली. ही दोन्ही ठिकाणे राहनाळपासून शंभर किलोमीटरच्या आत आहेत.

अंदाजाचे चार घटक

हानीचा अंदाज चार प्रश्नांच्या उत्तरांवर उभा राहतो. पहिला, जमीन किती हलेल आणि तशी ती किती वर्षांतून एकदा हलण्याचा संभव आहे? दुसरा, त्या जमिनीवर कोणती व किती घरे आहेत आणि ती पुन्हा बांधावयास किती खर्च येईल? तिसरा, विशिष्ट तीव्रतेला विशिष्ट प्रकारच्या घराची किती मोडतोड होते? चौथा, त्या मोडतोडीपैकी किती रक्कम विम्याच्या करारानुसार देय होते?

जगभरच्या सर्व गणनपद्धती, मग त्या विमा कंपन्यांच्या असोत की सरकारी यंत्रणांच्या, या चार पायांवरच उभ्या आहेत. संगणकामुळे हजारो संभाव्य भूकंपांचे गणित करणे शक्य झाले, एवढाच काय तो फरक. येथे विचार केवळ जमीन हलल्यामुळे होणाऱ्या हानीचा आहे. भूकंपानंतर लागणारी आग, दरडी कोसळणे किंवा वाळूमिश्रित ओली जमीन पातळ होऊन पाया खचणे यांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो. सॅन फ्रान्सिस्को शहराचे १९०६ साली भूकंपापेक्षा त्यामागून लागलेल्या आगीने अधिक नुकसान केले होते.

पायाखालची जमीन

पहिल्या प्रश्नाचे उत्तर गावागणिकच नव्हे, तर आळीगणिकही बदलू शकते. कातळावर किंवा कठीण मुरुमावर उभे असलेले घर आणि खाडीकाठच्या गाळावर किंवा भातखाचर बुजवून केलेल्या भरावावर उभे असलेले घर यांना एकच हादरा सारखा लागत नाही. मऊ जमिनीत कंपने वाढतात आणि अधिक वेळ टिकतात. मेक्सिको शहराला १९ सप्टेंबर १९८५ रोजी बसलेल्या धक्क्याचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होते. तरीही जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेल्या भागातील शेकडो इमारती कोसळल्या. भिवंडी तालुक्याच्या खाडीलगतच्या पट्ट्यात भरावाच्या जमिनी आहेत. तेथे कोणते बांधकाम कोणत्या जमिनीवर उभे आहे, याची नोंद म्हणूनच मोलाची ठरते.

शंभर घरांचे उदाहरण

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे मोडतोडीचे उत्तर एम.एस.के. परिमाणाच्या व्याख्यांतच दडलेले आहे. हे परिमाण घरांचे तीन गट करते. ‘अ’ गटात मातीची व ओबडधोबड दगडांची ग्रामीण घरे, ‘ब’ गटात साधी विटांची घरे आणि ‘क’ गटात सळ्या घालून चांगली बांधलेली काँक्रीटची घरे येतात. मोडतोडीच्या पाच श्रेणी आहेत : पहिली, गिलाव्याला बारीक चिरा, दुसरी, भिंतींना लहान चिरा व गिलावा पडणे, तिसरी, भिंतींना मोठ्या व खोल भेगा, चौथी, भिंतींत भगदाडे व घराचा काही भाग पडणे, पाचवी, घर संपूर्ण कोसळणे. सातव्या पायरीच्या तीव्रतेला ‘अ’ गटातील सुमारे निम्मी घरे तिसऱ्या श्रेणीत व शेकडा पाच चौथ्या श्रेणीत जातात. ‘ब’ गटातील निम्मी दुसऱ्या श्रेणीत, तर ‘क’ गटातील निम्मी पहिल्या श्रेणीत जातात. आठव्या पायरीला प्रत्येक गट एकेका श्रेणीने खाली घसरतो. शिवाय ‘ब’ आणि ‘क’ गटांतील शेकडा पाच घरे आणखी एक श्रेणी खाली जातात.

रीत स्पष्ट व्हावी म्हणून एक काल्पनिक वस्ती घेऊ. तीत १०० घरे आहेत : ‘अ’ गटाची २०, प्रत्येकी ५ लाख रुपये पुनर्बांधणी खर्चाची, ‘ब’ गटाची ४०, प्रत्येकी १० लाखांची, ‘क’ गटाची ४०, प्रत्येकी १५ लाखांची. एकूण किंमत ११ कोटी रुपये. पाच श्रेणींना दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या अनुक्रमे २, १०, ३५, ७५ आणि १०० टक्के येतो असे धरू. ज्या घरांविषयी व्याख्या मौन बाळगते, ती एक श्रेणी वर राहतील असे मानू. हे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत.

सातव्या पायरीचा हादरा बसला, तर ‘अ’ गटाची हानी २५ लाख ७५ हजार, ‘ब’ गटाची २४ लाख आणि ‘क’ गटाची ६ लाख रुपये होते. एकूण ५५ लाख ७५ हजार, म्हणजे वस्तीच्या किमतीच्या सुमारे ५ टक्के. आठव्या पायरीला हेच आकडे ५८ लाख २५ हजार, १ कोटी ३ लाख आणि ४५ लाख ९० हजार होतात. बेरीज २ कोटी ७ लाख १५ हजार, म्हणजे जवळजवळ १९ टक्के. तीव्रता एका पायरीने वाढली आणि हानी पावणेचार पटींच्या घरात गेली. ‘अ’ गटाचा वाटा वस्तीच्या किमतीत जेमतेम ९ टक्के आहे. पण सातव्या पायरीच्या हानीत तो ४६ टक्के आहे. दुबळे घर स्वस्त असले तरी त्याची हानी स्वस्त नसते.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. काँक्रीटची प्रत्येक इमारत ‘क’ गटात बसत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी पुष्कळ इमारतींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवलेला, नुसत्या खांबांवर उभा होता. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा मजला दुबळा, अशी ती रचना होती. खांबांतील रिंगा विरळ असणे आणि तुळई व खांब यांच्या सांध्यात सळ्या नीट न बांधणे हेही दोष असतात. वरील उदाहरणातील ४० काँक्रीट घरांपैकी २० घरे अशी सदोष असून प्रत्यक्षात ‘ब’ गटासारखी वागली, तर आठव्या पायरीला त्या ४० घरांची हानी ४५ लाख ९० हजारांवरून १ कोटी २० हजारांवर जाते. नोंदीतील एका शब्दाच्या चुकीने अंदाज दुपटीहून अधिक चुकतो.

झालेली हानी आणि विम्याने भरलेली हानी

चौथा प्रश्न कराराचा आहे. अनेक विमा करारांत प्रत्येक दाव्यातील आरंभीची काही रक्कम घरमालकाने स्वतः सोसावयाची असते. उदाहरणातील प्रत्येक घरमालकाने पहिले २५ हजार रुपये सोसावयाचे आहेत असे धरले आणि शंभरही घरांचा विमा आहे असे मानले, तर सातव्या पायरीच्या ५५ लाख ७५ हजारांच्या हानीपैकी विम्यातून ३६ लाख ७५ हजार रुपये मिळतील. उरलेले १९ लाख कुटुंबांना घालावे लागतील.

परंतु शंभरही घरांचा विमा असणे ही कल्पनाच झाली. घराचा विमा बहुधा तेथेच आढळतो जेथे बँकेचे गृहकर्ज असते, आणि असे कर्ज प्रामुख्याने नव्या काँक्रीटच्या सदनिकांना मिळते. उदाहरणात केवळ ‘क’ गटातील ४० घरांचा विमा आहे असे धरून हिशेब केला, तर सातव्या पायरीला विमा कंपनीकडून मिळणारी रक्कम केवळ १ लाख रुपये भरते! आठव्या पायरीलाही २ कोटी ७ लाखांच्या हानीपैकी ३५ लाख ९० हजारच विम्यातून येतात. या विषयाचे मर्म येथे आहे. विमा असलेल्या घरांच्या हानीचा आकडा लहान दिसला, तर त्यावरून गावाची हानी लहान होती असा निष्कर्ष काढता येत नाही. ज्या घरांना हादरा सर्वाधिक लागतो, तीच घरे बहुधा विम्याच्या बाहेर असतात. त्यांचा भार कुटुंबाच्या बचतीवर, सावकारी कर्जावर किंवा शासकीय मदतीवर पडतो.

या बाबतीत एक अनुकूल बदल झाला आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून लागू केली. तीत भूकंपाचा धोका मूळ संरक्षणातच अंतर्भूत आहे; पूर्वीच्या प्रमाणित अग्निविमा पॉलिसीत त्यासाठी जादा हप्ता भरावा लागत असे. विम्याची रक्कम चटईक्षेत्र आणि बांधकामाचा चालू दर यांच्या गुणाकाराने ठरते. जमिनीची किंमत तीत धरली जात नाही.

सरासरी आणि एकाच वेळचा भार

हप्ता ठरविण्यासाठी हानी वर्षांवर वाटावी लागते. सातव्या पायरीचा हादरा शंभर वर्षांतून एकदा आणि आठव्या पायरीचा पाचशे वर्षांतून एकदा येतो असे उदाहरणापुरते मानले, तर वस्तीची वार्षिक सरासरी हानी सुमारे ९७ हजार रुपये, म्हणजे दर हजार रुपये किमतीमागे सुमारे ८८ पैसे येते. हा आकडा किरकोळ वाटतो. मात्र आग एका वेळी एखादे घर जाळते. भूकंप सर्व घरांना एकाच क्षणी हलवितो. आठव्या पायरीचा हादरा बसला, तर दोनशेहून अधिक वर्षांच्या सरासरीइतकी रक्कम एकदम उभी करावी लागते. त्यामुळेच विमा कंपन्या आपल्या जोखमीचा काही भाग पुनर्विमा घेऊन इतर कंपन्यांवर आणि देशोदेशी विभागून टाकतात.

अंदाज चुकल्यास काय होते, याचे उदाहरण कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज येथे १७ जानेवारी १९९४ रोजी झालेल्या भूकंपाने घालून दिले. विमा कंपन्यांवर १२०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचे दावे आले. ते पूर्वीच्या अंदाजांच्या कितीतरी पुढे होते. परिणामी अनेक कंपन्यांनी घरांचा विमा देणेच आवरते घेतले आणि १९९६ मध्ये त्या राज्याला भूकंप विम्यासाठी स्वतंत्र संस्था उभारावी लागली.

पंचायतीच्या दप्तरातील उत्तरे

चार प्रश्नांपैकी पहिला शास्त्रज्ञांचा आणि चौथा विमा कंपनीचा असला, तरी मधल्या दोन प्रश्नांची उत्तरे गावातच सापडतात. केंद्र शासनाच्या इमारत साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेने १९९७ मध्ये देशाचा धोकाप्रवणता नकाशासंग्रह प्रथम प्रसिद्ध केला. २०१९ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. जनगणनेतील भिंती व छपरांच्या माहितीवरून त्यात जिल्हावार चित्र उभे केले आहे. जिल्ह्यासाठी ते उपयुक्त आहे. पण राहनाळच्या एका आळीसाठी ते पुरेसे नाही. तेथे ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८, कामी येते. घराचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वय या तिन्ही गोष्टींची नोंद आकारणीसाठी घ्यावीच लागते.

मात्र ही नोंद वाचताना एकाच घराच्या तीन बाजू वेगळ्या ठेवाव्या लागतात. कराच्या दृष्टीने जुन्या घराचे मूल्य घसाऱ्यामुळे घटते. विम्याच्या दृष्टीने ते घर आजच्या दराने पुन्हा बांधावयास येणारा खर्च मोजावा लागतो. तो वयामुळे कमी होत नाही. हादऱ्याच्या दृष्टीने तर जुने घर अधिक दुबळे असते, म्हणजे वयाबरोबर त्याची हानी वाढते. कराच्या नोंदीतील घटलेली किंमत हानीच्या हिशेबात जशीच्या तशी उचलली, तर सर्वात दुबळ्या घरांची हानी कागदावर सर्वात लहान दिसेल.

या दृष्टीने ग्रामपंचायतीला अल्प खर्चात करता येण्याजोगी काही कामे पुढीलप्रमाणे आहेत. आकारणीच्या फेरतपासणीच्या वेळी प्रत्येक घराच्या भिंतीचा व छपराचा प्रकार, मजल्यांची संख्या आणि तळमजला मोकळा आहे किंवा कसे, एवढ्या चार गोष्टी टिपाव्यात. भरावाची जमीन आणि मूळची कठीण जमीन गावनकाशावर दोन रंगांनी दाखवावी. गावातील वयस्क शेतकऱ्यांना कोणती खाचरे केव्हा बुजविली गेली हे ठाऊक असते. या नोंदीची एक प्रत गावाबाहेर, तालुक्याच्या ठिकाणी सुरक्षित ठेवावी. घर पडल्यानंतर पंचनामा करणाऱ्या तलाठी व ग्रामसेवकांना, तसेच विम्याच्या सर्वेक्षकांना, पूर्वी तेथे काय उभे होते याचा तोच विश्वासार्ह पुरावा ठरतो. शाळेतील शिक्षकांना वरच्या वर्गांकडून स्वतःच्या आळीतील घरांची अ-ब-क अशी गणना करवून घेता येईल. शंभर घरांचे वरील गणित हा टक्केवारीचा उत्तम पाठही आहे.

हानीचा अंदाज हे भविष्यकथन नव्हे. तो कोणत्या घरापासून काम सुरू करावे हे सांगतो. किल्लारीनंतर महाराष्ट्रात लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व बळकटीकरण करण्यात आले. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसविणे, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर सलग लिंटल पट्टी फिरविणे आणि छपरावरील मातीचा भार उतरविणे हे उपाय गावच्या गवंड्याच्या आवाक्यातील आहेत. ‘अ’ गटातील एक घर अशा रीतीने ‘ब’ गटाच्या बळाचे झाले, तर वरील हिशेबात आठव्या पायरीला त्याची संभाव्य हानी निम्म्याहून खाली येते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आतली माणसे वाचतात. विमा घराची किंमत भरून देऊ शकतो. घर उभे ठेवण्याचे काम मात्र हादरा येण्यापूर्वीच, आणि खरी नोंद हाती घेऊनच, करावे लागते.